धुवायला उरलेला पाय

भेस्तान, सुरत
२४ नोव्हेंबर १९९६

वत्सला,

पाटीवर सगळ्या वर्गाच्या पेन्सिली एकदम चालू लागल्या की कसा आवाज यायचा, तुला आठवतो का? गुरुजी फळ्यावर कविता लिहून खुर्चीत बसायचे आणि आम्ही माना खाली घालून उतरवून घ्यायचो. करकर, किरकिर, मध्येच एखाद्याच्या पेन्सिलीला खडा लागून ती किंचाळायची आणि सगळ्यांचे दात आंबायचे. तू माझी भाकरी घेऊन शाळेच्या ओट्यावर बसलेली असायचीस आणि कानात बोटं घालायचीस. त्या करकरीतून कविता अंगात शिरायची, ती आजवर निघाली नाही.

आज सकाळी आमच्या बाहेरच्या खोलीत तसाच आवाज झाला. मी डोळे मिटूनच सुखावलो. उघडून बघतो तर सात-आठ पोरी फरशीवर फतकल मारून पुठ्ठा कापताहेत. कविता नाही, बॅज.

मयुरीच्या मराठी शाळेत गाईडचं पथक निघालं आहे. आकाशी फ्रॉक, गळ्यात स्कार्फ, कमरेला शिट्टी. इथवर मला काही म्हणायचं नाही. पण त्यांच्या कॅप्टन सुमनबाई, ज्यांना मी त्यांच्या नोकरीच्या पहिल्या वर्षी हजेरी भरायला शिकवलं, त्यांनी एक योजना काढली आहे. प्रत्येक मुलीनं घरातल्या माणसाकडून एकेक विद्या शिकायची, ती परीक्षकासमोर करून दाखवायची आणि त्याचा गोल बिल्ला बाहीवर शिवून घ्यायचा. ऐकायला गोड आहे. बघायला शिसारी येते. स्वयंपाकाच्या बॅजसाठी आई पुरण वाटते, आई पोळी लाटते आणि पोरगी शेवटी तव्याशी उभी राहून फोटो काढते. बागकामाच्या बॅजसाठी एका बापानं बारडोलीच्या रस्त्यावरून फुलासकट कुंडी आणली. सफाईच्या बॅजला सगळ्यांनी मिळून शाळेचं पटांगण झाडलं आणि ढीग फाटकाबाहेर तसाच टाकून घरी गेल्या. दोन वर्षांपूर्वी प्लेगच्या वेळी याच शहरात माणसं तोंडाला फडकी बांधून पळत सुटली होती, हे कुणाच्या लक्षात तरी आहे का?

मी दोन ओळी केल्या आहेत:

पुण्य कातरा, पुण्य शिवा ग, दोरा घ्या पिवळा,
आजीला मग पाणी द्याया वेळ कुणाला उरला?

कुसुमला वाचून दाखवल्या. सूनबाई साड्यांना टिकल्या चिकटवत होती, म्हणाली, आबा, डिंक वाळतोय, नंतर ऐकते.

मयुरीचा आता एकच बॅज राहिला आहे, रुग्णसेवेचा. परीक्षा संक्रांतीच्या आधीच्या रविवारी. तो मिळाला तर वडोदऱ्याचा मेळावा, नाही तर नाही. पोरीनं त्यावर जीव ठेवला आहे, म्हणून मीही थोडीफार मदत करतो. माझा पाय किंचित मुरगळला आहे, काळजी करू नकोस. माझ्या लक्ष्मणाला पलसाण्याच्या मिलमध्ये सध्या रात्रपाळी आहे. खाडीचं पाणी आज जांभळं आहे, म्हणजे बाजारात जांभळ्या साड्या खपत असाव्यात. खिडकी उघडली की वास जिभेवर येतो.

तुझा
रघुनाथदादा

*

अमळनेर
४ डिसेंबर

दादा,

तुझं "किंचित मुरगळला" वाचलं आणि त्याच टपालानं आलेलं मयुरीचं पत्र शेजारी ठेवलं. ती लिहिते, साडीच्या पिशवीचं प्लास्टिक जिन्यात पडलं होतं, त्यावरून आबा घसरले, पायाची नळी मोडली, मांडीपर्यंत प्लास्टर आहे आणि डॉक्टरांनी दोन महिने पाय खाली टेकवायचा नाही म्हणून सांगितलंय. पुढे लिहिते, "आत्याआजी, आमच्या पथकात कोणाच्याच घरी आजारी माणूस नव्हता, पण आता आबाच सगळ्यांचे पेशंट."

म्हणजे तू करतोस ती मदत ही. निजून राहण्याची. मी इतकी हसले की दूध उतू गेलं.

अरे, शिसारी कसली येते तुला? जन्मभर दुसऱ्यांच्या पोरांना उभं करून कविता म्हणायला लावल्यास. आता त्यांनी तुला आडवं करून ताप मोजला तर फिटंफाट झाली. मला मात्र खरं लिहीत जा. मी काही तुझी सुमनबाई नाही, की माझ्यापुढे हजेरी लावून मोकळा होशील.

डिंकाचे लाडू चुलतभावाच्या लखनबरोबर पाठवते आहे. कवितेनं हाड जुळत नाही.

वत्सला

*

भेस्तान
१५ डिसेंबर

वत्सला,

मयुरीला पोस्टाची तिकिटं यापुढे मोजून द्यावी लागतील. असो. खरं लिहितो, आणि जेवण झाल्यावर वाच.

शाळा सुटली की त्या येतात. रोज दोघी-दोघी. एकीच्या हातात परात, दुसरीच्या हातात फडकं. डेटॉल इतकं ओततात की माझ्या चहालासुद्धा त्याचा वास येतो. एक पोरगी थर्मामीटर काखेत लावते आणि शेजारणीशी गप्पा मारत विसरून जाते. एक मला पेज भरवते आणि चमचा तोंडाशी आला की स्वतःच आ करते. तिसरीनं परवा माझी दाढी पुसली ती ज्या फडक्यानं पुसली, त्यानं आदल्या दिवशी काय पुसलं होतं ते मी पाहिलं होतं. प्लास्टरमध्ये खाज सुटते तेव्हा विणायची सुई घालून खाजवून देण्याचा बॅज नाही, म्हणून ते कोणी करत नाही. मी प्रत्येकीला अट घातली, अंग पुसायचं तर आधी एक कविता म्हणा. एकीनंही शाळेतली म्हटली नाही. एकीनं सिनेमातलं गाणं म्हटलं, तेही गुजराती गरब्याच्या चालीवर. मला अंग पुसून घेण्याचीच किळस आली.

आणि आपली मयुरी. भांडं द्यायची वेळ आली की तिचा चेहरा असा होतो, जणू तिनंच काही गिळलंय. नाक दाबते, भिंतीकडे बघते, ओकारी आवरते. माझीच मला किळस येते, तिथं तिला काय सांगू?

पण एक सुंदर गोष्ट घडली. ती सांगण्यासाठीच पत्र लिहायला घेतलं.

पथकात वर्षा म्हणून मुलगी आहे, मयुरीच्याच वर्गातली. रेल्वे फाटकाकडच्या वस्तीतून येते. तिचा हात हलका आहे. बडबड नाही. पाणी आधी स्वतःच्या मनगटावर टाकून बघते, मग माझ्या अंगावर. कविता म्हण म्हटलं तर तिनं चक्क आठवीच्या पुस्तकातली अख्खी म्हटली, चालीत, शेवटच्या कडव्यावर थोडी थांबून. मला बरं वाटायला लागलं. मी विचारलं, आजोळ कुठलं ग तुझं? तर म्हणाली, पिंपळशेंडी, अमळनेरजवळ. आईचं नाव प्रमिला.

वत्सला, आपलं पिंपळशेंडी. इतक्या लांब, या डेटॉलच्या वासात. तेव्हा ती पायाशी बसली होती. एक पाय प्लास्टरमध्ये, धुवायला एकच उरलेला. तिनं त्याला हात लावला आणि मी तो पटकन ओढून घेतला. गावची लेक ती आपली बहीण, तिची लेक ती भाची. भाचीनं मामाच्या पायाला हात लावायचा नसतो, मामानंच तिच्यापुढे वाकायचं असतं. आपल्या बापूंनी पाळलं, आपण पाळलं. मी म्हणालो, "नको, तू नको. तुझा हात नको लागायला." डोळे मिटून पडलो आणि गावची नदी पाहत राहिलो. उघडले तेव्हा ती गेली होती.

त्यानंतर आली नाही. थंडी पडली आहे, सर्दी झाली असावी. ही प्रमिला कुणाची, तुला ठाऊक असेल तर कळव.

कुसुमला काय वाटलं कोण जाणे, त्या संध्याकाळी तिनं माझ्यासाठी तुपातला शिरा केला. कधी नव्हे तो. पोंकाचे, म्हणजे इथल्या हुरड्याचे, दिवस आलेत, उद्या तोही आणते म्हणाली. सुनेचं मन कधीकधी उशिरा कळतं.

रघुनाथदादा

*

भेस्तान
१८ डिसेंबर

आत्याआजीला नमस्कार.

मी हे पत्र आबांना न सांगता लिहिते. तिकीट मम्मीच्या डब्यातून घेतलंय, चालेल ना.

आबांनी वर्षाला हात लावू दिला नाही. मम्मीसमोर, तिच्या जोडीच्या पोरीसमोर. मी परात धरून उभी होती. आबा बोलले, तुझा हात नको लागायला, आणि तोंड फिरवून डोळे बंद केले. वर्षाने फडकं पिळून दोरीवर टाकलं, परात धुतली, मग गेली. रडली नाही. रडली असती तर मी काहीतरी बोलली असती.

तिची आई रस्ता झाडते ना. सफाईच्या बॅजच्या वेळी पण पोरी बोलत होत्या की वर्षाला तर तो जन्मतःच मिळालेला आहे. वर्षा त्या दिवशी आलीच नव्हती, नंतर एकटीने वर्ग झाडून बॅज घेतला. आता सगळ्या बोलतात, जोयुं, बघितलं ना, गुरुजींना पण किळस आली. मम्मी पण शेजारच्या मासीला बोलली की आमच्या आबांना रीतभात आहे, मी कधीपासून सांगणार होती, त्यांनीच बरं केलं. आणि शिरा केला. मी नाही खाल्ला.

सुमनबेनने तिचं नाव परीक्षेतून काढलं. बोलल्या, ज्या घरी पेशंट आहे त्या घरवाल्यांना नाही चालत तर मी काय करू, बेटा, मला तुमच्या सगळ्यांचं पाहायचं आहे. वर्षाचे पण बाकी सगळे बॅज झालेत. ती आणि मी मेळाव्यात एका तंबूत राहणार होतो.

आत्याआजी, मला आबांच्या भांड्याची किळस येते, हे मला माहीत आहे. मी खोटं नाही बोलत. पण ती वासाची असते, नंतर जाते. माणसाची किळस येते का गं? आबांना आली का? मला त्यांना विचारायची हिंमत नाही होत.

तुमची मयुरी

*

अमळनेर
२४ डिसेंबर

दादा,

तू डोळे मिटून नदी पाहत होतास, तेव्हा तुझ्या खोलीत काय झालं ते सांगते. तुझ्या नातीनं मला कळवलं आहे, तिच्यावर रागावू नकोस.

वर्षाला सर्दी झालेली नाही. "तुझा हात नको लागायला" एवढंच तिनं ऐकलं. तिची आई सुरतेचे रस्ते झाडते. त्या पोरीनं त्याचा एकच अर्थ लावला आणि दुसरा अर्थ लावण्याइतकं तिला या जगानं काही दाखवलेलं नाही. तिचं नाव परीक्षेतून काढलंय. आणि तुझ्या सुनेचं मन तुला उशिरासुद्धा कळलेलं नाही. शिरा कशाबद्दल होता, ते आता तूच ताडून घे.

प्रमिला कुणाची म्हणून विचारतोस. चिंधाची. गावकुसाबाहेर राहणारा चिंधा, दवंडी द्यायचा तो. ही त्याची शेवटची पोर. चिंधा आपल्या बापूंना "दादा" म्हणायचा, त्या हिशोबानं ती तुझी बहीण, हिशोब तुझा बरोबर आहे.

पण दादा, तो हिशोब तू शाळेतल्या कवितेसारखा पाठ केलास. मी गावाजवळ राहिले, मी तो बघितला. गावची लेक म्हणून कुणाकुणाला मानलं रे आपल्या गल्लीनं? माळ्याची कुंदन माहेरी आली की आई तिची ओटी भरायची, सुताराच्या लेकीची भरायची. प्रमिला लग्नानंतर पहिल्यांदा आली तेव्हा आपल्या ओट्यासमोरून गेली. आई ओट्यावर बसलेली होती. प्रमिलानं पदर सावरला, जरा थांबली. आईनं विचारलं, "बरी आहेस ना?" आणि तांदूळ निवडत राहिली. ती पुढे निघून गेली. मी दारात होते, मीही काही बोलले नाही. चिंधाला पाणी देताना आई तांब्या किती उंच धरायची, तेही तुला आठवत नसेल. तुला पेन्सिलींचा आवाज आठवतो.

तिनं कुठून समजावं की तिच्यासाठी तू मामा आहेस? तिच्या आईला तरी हे कोणी कधी सांगितलं होतं?

मला तुझा राग नाही आला. वीट आला. इतकं गोड स्वप्न बघायचं आणि एवढ्याशा पोरीला त्याच्याखाली चिरडायचं.

वत्सला

*

भेस्तान
१ जानेवारी १९९७

वत्सला,

तुझं पत्र आलं त्या रात्री जेवलो नाही. कुसुमनं ताट उचललं आणि विचारलं, तब्येत बरी नाही का? मी म्हटलं, तू त्या दिवशी शिरा कशासाठी केला होतास? ती हसली. म्हणाली, आबा, तुम्ही शिकलेले, मला वाटलं तुम्ही चालवून घ्याल, पण तुम्ही नेमकं ओळखलंत. माझ्या घशात तो शिरा पुन्हा आला. वत्सला, मी त्याची वाटी चाटून पुसली होती.

मी तिला भाची-मामाची रीत सांगितली. तिनं ऐकून घेतली आणि म्हणाली, असं होय, पण आता लोकांना ते सांगत बसू नका, उगाच उलटं दिसेल. म्हणजे बघ, गैरसमज होता तोवर माझी शान होती. खरं कळलं तर घराची लाज.

सुमनबाईंना बोलावणं धाडलं. आल्या, माझ्या पायाशी स्टुलावर बसल्या, सगळं ऐकलं आणि मान डोलावून म्हणाल्या की फार हृदयस्पर्शी आहे, गुरुजी, मेळाव्याच्या अंकासाठी लिहून द्या. मी म्हटलं, तिचं नाव परत घाला. तर म्हणाल्या, यादी वर गेली, शिवाय तिचा सराव बुडाला, शिवाय बाकीच्या पालकांचंही बघावं लागतं. दोन "शिवाय" ऐकले आणि मला त्यांच्या सगळ्या बॅजांची, शिट्ट्यांची, घरातून शिकायच्या त्या सगळ्या विद्यांची मळमळ आली. घरातून काय शिकल्या या पोरी? हेच की.

मयुरीला प्रमिलाबाईंकडे पाठवलं. वर्षाला घेऊन ये, म्हणावं आबा बोलावतात, ते तुझे मामा लागतात. मयुरी एकटीच परत आली. खूप विचारल्यावर तिनं निरोप सांगितला. प्रमिलाबाई म्हणाल्या, "तुह्या आजाले सांग, मामा पाहिजे व्हता तवय कोनी नव्हतं. आते मन्ही पोर कोनाच्या दाराशी जानार नही. मी तं नहीच नही."

तेव्हा मी ठरवलं आहे. वर्षाला घेतल्याशिवाय यापुढे मी कोणाचाही रोगी नाही. काल दोघी परात घेऊन आल्या, मी अंगावरची चादर हनुवटीपर्यंत ओढली. थर्मामीटर लावला, मी काख उघडलीच नाही. पेजेचा चमचा आला, मी तोंड मिटून पडलो. पोरी बावचळल्या. कुसुम म्हणाली, आबा लहान मुलासारखं करताहेत. करतो. मोडक्या पायाच्या माणसाला दुसरा संप करता येत नाही.

रघुनाथदादा

*

अमळनेर
७ जानेवारी

दादा,

कार्डावरच लिहिते.

तुझ्या संपानं मयुरीचा मेळावा जाईल. सुमनबाईंचं, कुसुमचं काही जाणार नाही. दंड पुन्हा एका पोरीलाच. हे तुझ्या लक्षात आलंय का, की यातही तुला काही कविता दिसते?

तरी मागे घे असं मी म्हणत नाही. घेतलास तर वर्षाचं काय, ते मला सुचत नाही. मयुरीशी एकदा बोल. तिला न विचारता तिचा बॅज पणाला लावू नकोस.

काल गावी चिंधाच्या घराकडे जाऊन आले. म्हातारा केव्हाच गेला, पण भिंत आहे. तिथं कोणीच राहत नाही. का गेले, सांगता येत नाही.

वत्सला

*

भेस्तान
१२ जानेवारी १९९७

वत्सला,

तू म्हणालीस तसं मयुरीशी बोललो. काल. म्हटलं, बाळ, मी हट्ट धरला तर तुझा बॅज जाईल. ती माझ्या पलंगाच्या कडेवर बसून स्कार्फाची गाठ सोडत आणि बांधत होती. म्हणाली, "आबा, मला मेळाव्याला जायचं आहे." एवढंच. मला ना हो म्हणाली, ना नको म्हणाली. त्या उत्तरावर रात्रभर झोपलो नाही, कूस बदलावी तर प्लास्टरमुळे तीही बदलता येत नाही.

आज दुपारी परीक्षक आल्या. सरकारी दवाखान्यात नर्स आहेत, केरळच्या, हिंदी बोलतात, हात कोरडे आणि नजर धारदार. सुमनबाई नव्या साडीत होत्या. पोरी भिंतीला पाठ लावून ओळीत उभ्या, प्रत्येकीच्या हातात परात, आकाशी फ्रॉकला इस्त्री. छतांवरून पतंगवाल्यांचा आरडाओरडा चालला होता. कुसुमनं शेजारपाजारच्या चार बायकांनाही बोलावलं होतं, तिला माझ्यावरचा समारंभ दाखवायचा होता.

पहिली पोरगी पुढे आली. मी चादर ओढून घेतली. परीक्षक बाईंनी विचारलं, काय झालं, बाबा, दुखतंय का? मी म्हटलं, नाही. या खोलीत एक मुलगी कमी आहे, ती येईपर्यंत माझ्या अंगाला कोणी हात लावायचा नाही. सुमनबाई घाईघाईनं मध्ये पडल्या, म्हणाल्या की गुरुजींचं वय झालंय, फार मनावर घेऊ नका. मी म्हटलं, वय झालंय म्हणूनच सांगतो. आणि सगळं सांगितलं. पाय का ओढला, ते. लोकांनी काय मानलं आणि ते मानताना त्यांना किती बरं वाटलं, तेही. माझ्या सुनेनं शिरा केला, तेसुद्धा सांगितलं. शेजारच्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. कुसुमचा चेहरा उतरला. मला तिची दया आली नाही, आज तरी नाही.

परीक्षक बाईंनी घड्याळ पाहिलं. म्हणाल्या, बाबा, मला आणखी दोन शाळा आहेत. रोगीच हात लावू देत नाही म्हणजे मी कोणालाही पास करू शकत नाही. ते बरोबरच होतं. त्यांना दोष नाही. सुमनबाई मला हळू आवाजात म्हणाल्या, सगळ्या मुलींचं नुकसान करताय, गुरुजी, तुमच्या नातीचंसुद्धा. ओळीतली एक पोरगी मुसमुसायला लागली.

मी मयुरीकडे पाहिलं. ती ओळीत शेवटी होती. तिनं परात खाली ठेवली, अगदी आवाज न करता, आणि दारातून बाहेर निघून गेली. वाटलं, गेली. रुसून, रडायला गच्चीवर गेली. आता ही पोरगी मला जन्मात भांडं देणार नाही आणि देऊही नये.

कोणीतरी चहा टाकला. परीक्षक बाई बशीत ओतून पिऊ लागल्या, घाईत. सुमनबाई फाईल बांधत होत्या. मी डोळे मिटले. या वेळी नदीबिदी काही दिसली नाही, तुझी शपथ. डेटॉलचा आणि खाडीचा वास तेवढा येत होता, आणि या खोलीतल्या प्रत्येक माणसाचा मला वीट आला होता, पलंगावरच्यासकट.

मग बायकांची कुजबुज एकदम थांबली, म्हणून डोळे उघडले.

दारात प्रमिलाबाई उभ्या होत्या. जी कोणाच्या दाराशी जाणार नाही म्हणाली, ती. चिंधाचंच कपाळ, चिंधाचीच उंची, चौकट भरून गेली होती. रविवारचीही कामावरून तशीच उठून आली असावी, पदर कमरेला खोचलेला, पावलं धुळीनं पांढरी. तिच्या एका बाजूला वर्षा, खाली बघत, अंगात घरचा फ्रॉक. दुसऱ्या बाजूला मयुरी, धापा टाकत. तिनं तिथं जाऊन काय सांगितलं, ते मला अजून ठाऊक नाही.

प्रमिलाबाई उंबऱ्याच्या आत आल्या नाहीत. त्यांनी शेजारणींकडे पाहिलं, कुसुमकडे पाहिलं, शेवटी माझ्याकडे. आवाज चढवला नाही.

"मामा शेतस ना तुम्ही? मंग पहिले भाचीना पाया पडा. आठेच, समदासमोर. मंग मन्ही पोर तुमना पाय धुई."

वत्सला, मला पलंगावरून खाली घ्यायला दोन माणसं लागतात. मयुरी लगेच येऊन माझ्या उजव्या काखेत शिरली. डाव्या बाजूला कुसुम उभी होती. मी तिच्याकडे हात पुढे केला.